वाचलं, पण समजलं का? ‘टीच स्टुडंट्स हाऊ टू लर्न’ या पुस्तकाबद्दल

परदेशात शिकायला आलेल्या तुमच्यापैकी अनेकांची पहिली सेमिस्टर साधारण सारखीच जाते. तीन-चार कोर्स, प्रत्येक कोर्सचं दर आठवड्याचं रीडिंग, आणि ते रीडिंग म्हणजे आपल्याकडच्यासारखा एक धडा नसतो, तर दोन शोधनिबंध आणि एखाद्या पुस्तकाचं अख्खं प्रकरण असतं. तुम्ही ते सगळं प्रामाणिकपणे वाचता. पीडीएफ पिवळी करून टाकता. काही पानं दोनदा, तीनदा वाचता. मग वर्गात कोणीतरी विचारतं, “लेखकाचं म्हणणं नेमकं काय आहे?” तेव्हा डोळ्यांसमोर पिवळं पान येतं, पण म्हणणं काही आठवत नाही. शेजारचा मुलगा मात्र दोन वाक्यांत सांगून मोकळा होतो.

यातून बहुतेकजण एकच निष्कर्ष काढतात: आपली कुवत कमी आहे. हा निष्कर्ष फार महागात पडतो. त्यापायी कोणी कोर्स सोडतं, कोणी विषय बदलतं, कोणी वर्गात बोलणंच बंद करतं. म्हणून हा निष्कर्ष चुकीचा आहे असं ठामपणे सांगणारं पुस्तक हाती आलं की ते नीट वाचायला हवं, आणि त्याची नीट झडतीही घ्यायला हवी.

सॉन्ड्रा मॅग्वायर यांचं ‘टीच स्टुडंट्स हाऊ टू लर्न’ हे असं पुस्तक आहे. मुलगी स्टेफनी मॅग्वायर यांच्यासोबत लिहिलेलं हे पुस्तक २०१५ साली आलं. मॅग्वायर रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. अमेरिकेतल्या लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांना अभ्यासात मदत करणारं केंद्र त्यांनी बरीच वर्षं चालवलं. पुस्तक शिक्षकांसाठी आहे. विद्यार्थ्यांसाठीची आवृत्ती, ‘टीच युवरसेल्फ हाऊ टू लर्न’, २०१८ साली आली. इथल्या अनेक विद्यापीठांत नव्या विद्यार्थ्यांसाठी ‘कसं शिकावं’ या विषयावर जी तास-दीड तासाची सत्रं होतात, त्यांतलं बरंच काही या पुस्तकाशी जुळतं. म्हणजे पुस्तक वाचलं नसलं तरी त्यातला सल्ला तुमच्या कानावर पडला असण्याची शक्यता मोठी आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. विद्यार्थ्याच्या कुवतीबद्दल मॅग्वायर जे म्हणतात ते बरोबर आहे, आणि वाचण्याच्या ज्या युक्त्या त्या देतात त्या बऱ्याच अंशी उपयोगी आहेत. पण न समजण्याचं कारण प्रत्येक वेळी ‘पद्धत चुकली’ हेच असतं असं धरून त्या चालतात, आणि तिथे पुस्तक तुमच्यामाझ्यासारख्या वाचकाला अर्ध्या वाटेवर सोडतं.

पुस्तक काय सांगतं

पुस्तकाचा आधार आहे मेटाकॉग्निशन ही कल्पना. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे: आपल्याला काय समजलंय आणि काय नाही, याची आपल्यालाच असलेली जाण. ही संज्ञा मानसशास्त्रात रुजवली जॉन फ्लॅवेल यांनी १९७०च्या दशकात. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या एका प्रयोगात लहान मुलांना काही वस्तू लक्षात ठेवायला सांगितल्या होत्या. ‘आता सगळ्या नक्की आठवतील’ असं वाटेपर्यंत हवा तेवढा वेळ घ्या, असंही सांगितलं होतं. मोठी मुलं ‘झालं’ म्हणाली की बहुतेक वेळा खरंच झालेलं असायचं. छोटी मुलंही तितक्याच खात्रीने ‘झालं’ म्हणायची, पण त्यांना सगळ्या वस्तू आठवायच्या नाहीत. ‘झालं’ वाटणं आणि खरंच होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं यातून लक्षात ठेवा. पुढे ते लागेल.

मॅग्वायर यांची मांडणी अशी: अनेक मुलं शाळा-कॉलेजात पाठांतरावर तरून जातात. विद्यापीठात मात्र त्यांच्याकडून समजून घेण्याची, वापरण्याची, ताडून पाहण्याची अपेक्षा असते, आणि त्याची रीत त्यांना कोणी शिकवलेलीच नसते. ही रीत शिकवता येते, आणि शिकवली की मुलं झपाट्याने सुधारतात. पुस्तकात ट्रॅव्हिस नावाच्या मानसशास्त्राच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट आहे. त्याचे परीक्षांतले गुण होते ४७ आणि ५२. अडचण होती वाचून समजण्याची. वाचण्याची पद्धत बदलल्यावर गुण आले ८२ आणि ८६.

ही पद्धत तीन पायऱ्यांची आहे. पहिली: प्रकरण वाचायला घेण्याआधी ते चाळायचं, म्हणजे शीर्षकं, उपशीर्षकं, आकृत्या, ठळक शब्द बघून घ्यायचे. दुसरी: त्यावरून स्वतःचे प्रश्न तयार करायचे, म्हणजे वाचन ही उत्तरांची शोधाशोध होते. तिसरी: एक परिच्छेद वाचायचा, थांबायचं, स्वतःच्या शब्दांत सांगायचा. मग दुसरा वाचायचा आणि पहिल्याला जोडून सांगायचा. असं शेवटपर्यंत.

शिवाय त्या विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारतात: परीक्षेत ‘ए’ मिळवण्यासाठी तुम्ही जास्त मेहनत घ्याल, की हाच विषय उद्या वर्गाला शिकवायचा आहे म्हटल्यावर? बहुतेकांचं उत्तर दुसरं असतं. मग अभ्यास शिकवायचंय अशा बेताने करा, असा त्यांचा सल्ला आहे. समोर कोणी नसेल तर रिकाम्या खुर्चीला शिकवा.

यातलं काय टिकतं

बरंच टिकतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी केलेला प्रयोग या क्षेत्रात वारंवार सांगितला जातो, आणि तो सांगण्यासारखाच आहे. विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत फक्त वाचला. त्या वेळात त्यांचा उतारा सरासरी १४ वेळा वाचून झाला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला, सरासरी तीन-साडेतीन वेळा, आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा बाजूला ठेवून आठवेल ते कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता: ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

पण मला यातला सर्वांत महत्त्वाचा भाग वेगळाच वाटतो. ‘आठवड्याने तुम्हाला किती आठवेल?’ असं विचारल्यावर सर्वांत जास्त खात्री होती ती नुसतं वाचणाऱ्यांना. ज्यांना कमी आठवणार होतं त्यांनाच ‘झालं’ असं जास्त वाटत होतं. फ्लॅवेल यांच्या प्रयोगातली छोटी मुलं आठवा. या बाबतीत आपण सगळे वय वाढलं तरी बरेचसे तिथेच असतो.

वाचनाची ही सवय किती खोल आहे तेही पाहा. कार्पिक, बटलर आणि रोडिगर यांनी २००९ साली अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठातल्या १७७ विद्यार्थ्यांना अभ्यासाच्या सवयी विचारल्या होत्या. ८४ टक्के विद्यार्थी नोट्स किंवा पुस्तक पुन्हा वाचतो म्हणाले. पुस्तक मिटून आठवून पाहतो असं सांगणारे होते ११ टक्के. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा हायलाइट करणं आणि पुन्हा वाचणं या दोन्हींना त्यांनी कमी उपयोगाच्या पद्धतींत टाकलं. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांवर वाटून घेणं, या दोन वरच्या श्रेणीत आल्या.

म्हणजे मॅग्वायर ‘थांबा आणि सांगा’ म्हणतात ते योग्यच आहे. पण इथेच त्यांच्या तिसऱ्या पायरीत एक बारीक खोट आहे. परिच्छेद संपल्या संपल्या तो स्वतःच्या शब्दांत सांगणं सोपं असतं, कारण शब्द अजून डोक्यात घुमत असतात. सांगता आलं म्हणून आपल्याला वाटतं की समजलं. थीड, अँडरसन आणि थेरिओ यांनी २००३ साली नेमकं हेच तपासलं. त्यांनी काही विद्यार्थ्यांना प्रत्येक उताऱ्याचे कळीचे शब्द वाचल्याबरोबर लिहायला सांगितले, आणि काहींना थोडा वेळ जाऊ दिल्यावर. ज्यांनी उशिरा लिहिले त्यांना आपल्याला कुठला उतारा समजलाय आणि कुठला नाही याचा अंदाज बराच अचूक आला. त्यामुळे कुठला उतारा पुन्हा वाचायचा ही निवडही त्यांची बरोबर आली, आणि शेवटच्या परीक्षेत ते पुढे राहिले.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा: परिच्छेदागणिक थांबून सांगणं वाटेत झोप लागू नये म्हणून ठीक आहे. समजलं की नाही याचा खरा निकाल मात्र प्रकरण संपवून, चहा पिऊन, जमल्यास दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता सांगून बघितल्यावरच लागतो. आपल्या समजण्यावर ‘नजर ठेवा’ असं म्हटलं की आतमध्ये डोकावून बघायचं असं वाटतं. आत डोकावून फारसं काही दिसत नाही. बाहेर काहीतरी करून दाखवावं लागतं, आणि तेही थोडं थांबून.

पंधरा शब्दांची यादी

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. त्यासाठी पुस्तकातलाच एक खेळ घेतो. मॅग्वायर हा खेळ आपल्या व्याख्यानांत घेतात, आणि तो चांगलाच रंगतो.

त्या पडद्यावर पंधरा शब्दांची यादी दाखवतात आणि सांगतात, यातले स्वर मोजा. वेळ थोडाच. मुलं भराभर मोजतात. मग अचानक यादी काढून घेतात आणि विचारतात, किती शब्द आठवतायत? अर्थातच थोडेच आठवतात. मग त्या सांगतात की यादीला एक क्रम आहे. पहिला शब्द आहे डॉलर बिल, म्हणजे १. दुसरा डाइस, म्हणजे जोडीने येणारे फासे, २. ट्रायसिकल ३. फोर-लीफ क्लोव्हर ४. मग हँड, सिक्स-पॅक, सेव्हन-अप, ऑक्टोपस, कॅट लाइव्ह्ज, बोलिंग पिन्स, फुटबॉल टीम, डझन एग्ज, अनलकी फ्रायडे, व्हॅलेंटाइन्स डे आणि शेवटी क्वार्टर अवर, म्हणजे १५. हे कळल्यावर पुन्हा संधी देतात, आणि वर्गाला जवळजवळ सगळी यादी आठवते.

धडा असा: तुमची बुद्धी पाच मिनिटांत वाढली नाही. फक्त दोन गोष्टी बदलल्या. काय करायचंय हे कळलं, आणि माहितीची रचना कळली. पद्धत बदलली की निकाल बदलतो.

आता हीच यादी सांगलीहून किंवा नांदेडहून महिन्यापूर्वी आलेल्या मुलीच्या नजरेने पाहा. मांजराला नऊ जन्म असतात हे तिने कधी ऐकलेलं नाही. बोलिंगच्या खेळात दहा पिना असतात हे माहीत असायला बोलिंग ॲलीत जावं लागतं. सिक्स-पॅक म्हटल्यावर तिला बिअरचे कॅन आठवत नाहीत, एखाद्या हिंदी सिनेमातल्या हिरोचं पोट आठवतं. क्लोव्हरचं पान साधारणपणे तीन पाकळ्यांचं असतं आणि चार पाकळ्यांचं सापडलं तर नशीब फळफळतं, हा संकेत तिचा नाही. यादीला क्रम आहे हे सांगूनही तिच्यासाठी त्या क्रमात तीन-चार भोकं राहतात. शेजारची अमेरिकन मुलगी पंधरापैकी पंधरा सांगते. पद्धत दोघींची एकच आहे.

उलट करून बघा. ही घ्या एक यादी: गणपतीचा अख्खा दात, बैलजोडी, दत्ताची तोंडं, वेद, पांडव, ऋतू, आठवडा, विनायकाची देवळं, ग्रह, रावणाची तोंडं, क्रिकेटची टीम, बलुतेदार, मृत्यूनंतरचं जेवण, रामाचा वनवास, पंधरवडा. तुम्हाला ही बहुधा एकदा वाचूनच आठवेल. तुमच्या अमेरिकन रूममेटला क्रम समजावून सांगा, त्याची दांडी चौथ्या शब्दापासूनच उडायला लागेल. तो कमी हुशार नाही आणि त्याची पद्धतही चुकलेली नाही. त्याच्याकडे सामान नाही, इतकंच.

मॅग्वायर यांना या खेळातून पद्धतीची ताकद दाखवायची आहे. मला त्यात पूर्वज्ञानाची ताकद दिसते. खेळात दोन्ही एकत्र काम करतात, पण श्रेय एकालाच मिळतं.

वाचनाच्या संशोधनात ही गोष्ट नवी नाही. ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांनी १९७२ साली एक उतारा ऐकवला होता. वाक्यं सोपी, शब्द सोपे, पण कशाबद्दल चाललंय तेच कळत नाही. तो कपडे धुण्याबद्दल आहे हे आधी सांगितलं तर सगळं उलगडतं आणि लक्षातही राहतं. नंतर सांगितलं तर फारसा फायदा होत नाही. चाळून घेण्याची पहिली पायरी का उपयोगी पडते ते इथे कळतं: विषय आधी कळला की डोक्यातला योग्य कप्पा उघडतो. पण कप्पा उघडल्यावर आत काहीतरी असावं लागतं. कपडे धुणं सगळ्यांना माहीत असतं. अमेरिकेतल्या घरकर्जाचा इतिहास किंवा इंग्लंडमधल्या चर्चचे पंथ सगळ्यांना माहीत नसतात.

१९८८ साली रेक्ट आणि लेस्ली यांनी ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या अर्ध्या डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि छोट्या मैदानावर लाकडी खेळाडू हलवून ते पुन्हा घडवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. तुमच्या एखाद्या बेसबॉलप्रेमी मित्राला क्रिकेटच्या कसोटी सामन्याचा वृत्तान्त वाचायला देऊन पाहा, संशोधन न वाचताही पटेल.

आपल्याला सर्वांत जवळचा अभ्यास आहे तो स्टेफन्सन, चित्रा जोगदेव आणि अँडरसन यांचा, १९७९ सालचा. त्यांनी भारतीय आणि अमेरिकन वाचकांना दोन पत्रं वाचायला दिली, एक भारतीय लग्नाबद्दल, एक अमेरिकन लग्नाबद्दल. प्रत्येकाने आपल्या लग्नाचं पत्र अधिक वेगाने वाचलं आणि त्यातलं जास्त लक्षात ठेवलं. पण दुसऱ्याच्या लग्नाबद्दल नुसतं कमी लक्षात राहिलं असं नाही, चुकीचंही राहिलं. अमेरिकन पत्रात नवरीने आजीचा लग्नातला पोशाख घातलेला असतो. तिथे ही मायेची, मिरवायची गोष्ट. एका भारतीय वाचकाच्या लेखी मात्र तो पोशाख जुना आणि फॅशनबाहेरचा ठरला. उलट, सासरच्यांना द्यायच्या आहेराबद्दलच्या बोलणीचा अर्थ काही अमेरिकन वाचकांनी सरळ भेटवस्तूंची देवाणघेवाण असा घेतला.

या उदाहरणात मेटाकॉग्निशनची मर्यादा स्वच्छ दिसते. त्या भारतीय वाचकाला ‘समजलं का?’ असं विचारलं असतं तर तो ‘हो’ म्हणाला असता. त्याला परिच्छेद स्वतःच्या शब्दांत सांगताही आला असता. पुस्तक मिटून दुसऱ्या दिवशीही त्याने तो व्यवस्थित, चुकीचा सांगितला असता. कुठेही अडखळल्याची खूण नाही. आपल्या समजण्यावरची नजर फक्त तेवढंच पकडते जिथे आपण अडतो. जिथे आपण सुरळीत चुकतो तिथे ती आंधळी असते. त्यासाठी दुसरा माणूस लागतो, ज्याला आजीच्या पोशाखाचं महत्त्व माहीत आहे.

एका व्याख्यानाचा दावा

पुस्तकाचा सर्वांत गाजलेला दावा असा की पन्नास मिनिटांचं एक व्याख्यानही मोठा फरक पाडू शकतं. त्यामागे कुक, केनेडी आणि मॅग्वायर यांचा २०१३ साली रसायनशास्त्र शिक्षणाच्या नियतकालिकात आलेला अभ्यास आहे. पहिल्या परीक्षेनंतर वर्गात अभ्यासपद्धतीवर एक व्याख्यान झालं. जे हजर होते त्यांची कोर्सअखेरची सरासरी गैरहजर असलेल्यांपेक्षा सुमारे एक पूर्ण ग्रेड वर गेली. पहिल्या परीक्षेत दोन्ही गटांमध्ये फारसं अंतर नव्हतं.

निकाल लक्षवेधी आहे, तो झटकून टाकण्यासारखा नाही. पण तुम्ही संशोधन करत असाल तर तुमच्या मनात प्रश्न आला असेलच. हजर कोण होतं आणि गैरहजर कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. पहिल्या परीक्षेनंतर वर्गाला येत राहणारी मुलं आणि येणं सोडलेली मुलं यांच्यात त्या एका तासाशिवाय इतरही बरंच वेगळं असू शकतं. कोणाची नोकरीची शिफ्ट त्याच वेळी असेल, कोणी मनातून कोर्स सोडलाही असेल. व्याख्यानाचा परिणाम किती आणि वर्गाला येत राहण्याचा किती, हे या मांडणीतून वेगळं करता येत नाही.

आणि पुस्तकातल्या गोष्टी बहुतेक यशाच्या आहेत. ट्रॅव्हिस परत येऊन सांगतो की गुण वाढले. ज्याने सगळं करूनही गुण वाढले नाहीत, तो सहसा कोणाला भेटायला जात नाही.

हे इतकं लांबण लावून सांगतोय त्याला कारण आहे. ‘कुवत नाही, पद्धत चुकतेय’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकताना सुटका झाल्यासारखं वाटतं. ती सुटका खरी आहे. पण मग तुम्ही पद्धत बदलता, चाळता, प्रश्न काढता, सांगून बघता, आणि तरीही समाजशास्त्राचा तो निबंध कळत नाही. आता काय? पद्धतही बरोबर आहे म्हटल्यावर दोष पुन्हा कुवतीवरच येतो. ज्या निष्कर्षातून पुस्तकाने तुम्हाला बाहेर काढलं, त्यातच ते तुम्हाला मागच्या दाराने परत ढकलतं. मॅग्वायर यांचा हेतू अजिबात तसा नाही. त्यांच्या प्रत्येक पानावर विद्यार्थ्याबद्दल आस्था आहे. पण सगळी सूत्रं विद्यार्थ्याच्या हातात आहेत असं सांगितलं की अपयशाची जबाबदारीही आपोआप त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडते.

वेळेचंही तसंच आहे. या पद्धतीने वाचायला वेळ लागतो, निदान सुरुवातीला दुप्पट. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं, आणि अनेकजण ते पुरेपूर करतात, कारण भाडं भरायचं असतं. त्यांना ‘सावकाश वाचा’ सांगणं सोपं आहे. पण दर आठवड्याला दीडशे पानं नेमणाऱ्या प्राध्यापकाला ‘यातली कोणती चाळीस पानं नीट वाचणं गरजेचं आहे ते सांगा’ असं विचारणंही तितकंच गरजेचं आहे. शिक्षकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात हा मुद्दा जास्त जोरात यायला हवा होता.

मग तुम्ही काय घ्यावं

पुस्तक घ्या, त्यातली पद्धतही घ्या, पण तिच्यात तीन दुरुस्त्या करून.

पहिली दुरुस्ती वर आलीच आहे: सांगून बघायचं ते थोडं थांबून.

दुसरी: अडलात की स्वतःला ‘समजलं का?’ एवढंच विचारू नका, ‘का नाही समजलं?’ हे विचारा. ढोबळ तीन उत्तरं असतात. लक्ष नव्हतं. वाक्यरचना किंवा तर्क गुंतागुंतीचा होता. किंवा लेखकाने जे गृहीत धरलंय ते मला माहीत नाही. पहिल्या दोन्हींवर पुन्हा वाचणं, सावकाश वाचणं, स्वतःच्या शब्दांत सांगणं हा इलाज चालतो. तिसऱ्यावर चालत नाही. तेच पान चौथ्यांदा वाचून अमेरिकन घरकर्जाचा इतिहास कळणार नाही. तिथे पुस्तक बाजूला ठेवून विश्वकोशातली नोंद वाचा, पंधरा मिनिटांचा व्हिडिओ बघा, इथे वाढलेल्या वर्गमित्राला विचारा. हा वेळ वाया जात नाही. इथल्या मुलांनी शाळेत बारा वर्षांत जे गोळा केलं ते तुम्ही आठवड्यागणिक गोळा करताय. आणि त्या वर्गमित्राला तुमचा सारांश जरूर ऐकवा, कारण सुरळीत झालेली चूक तोच पकडेल.

तिसरी दुरुस्ती मॅग्वायर यांच्या पुस्तकात असणं शक्यच नव्हतं: प्रकरण मराठीत सांगून बघा. इंग्रजीत वाचलेलं इंग्रजीत सांगताना लेखकाचीच वाक्यं तोंडात येतात, आणि ती आपली आहेत असा भास होतो. मराठीत सांगताना ती पळवाट बंद होते. संज्ञा खुशाल इंग्रजी राहू द्या, पण क्रियापदं तुमची असली पाहिजेत. ‘हा म्हणतो की, कारण असं की, पण मग’ ही जोडणी मराठीत करता आली, तर तर्क तुमच्या हातात आहे. जिथे ‘म्हणजे ते… असं काहीतरी’ सुरू होतं, तिथे भोक आहे. मी ज्या विद्यार्थ्यांना मदत करतो, त्यांच्यातल्या मराठी मुलांसोबत हे करून पाहतो. कुठे अडलंय हे त्यांना आणि मला दोघांनाही इंग्रजीपेक्षा लवकर कळतं. हा काही सिद्ध झालेला उपचार नाही, करून बघण्याजोगी गोष्ट आहे. आईला फोनवर सांगा, व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवा, कोणी नसेल तर मॅग्वायर बाईंची रिकामी खुर्ची आहेच.

आपल्या घोकंपट्टीला सगळे नावं ठेवतात, आणि २१ अपेक्षितवर पोसलेल्या आपल्या पिढीने ती ठेवायलाही हवीत. पण त्या संस्कृतीत एक चांगली सवय होती: ‘म्हणून दाखव.’ पाढे, कविता, व्याख्या, सगळं पुस्तक मिटून म्हणून दाखवावं लागायचं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या प्रयोगातला दुसरा गट तेच करत होता. आपण चुकत होतो ते दुसऱ्याचेच शब्द म्हणून दाखवण्यात. ‘म्हणून दाखव’च्या जागी ‘सांगून दाखव’ आणलं की जुनी सवय नव्या कामाला लागते.

एकूण काय, तर मॅग्वायर यांचं पुस्तक नापास होणाऱ्या मुलाला धीर देतं आणि हातात काहीतरी ठोस ठेवतं. असं करणारी पुस्तकं थोडी असतात. तुम्ही शिकवत असाल तर ते वाचाच. पण वर्गात पंधरा शब्दांचा तो खेळ घेणार असाल, तर आधी यादीवरून एकदा नजर फिरवा आणि समोर बसलेल्यांपैकी किती जणांना मांजराचे नऊ जन्म माहीत आहेत ते विचारा. ज्यांचे हात वर जाणार नाहीत, त्यांना पद्धतीइतकीच माहितीचीही गरज आहे. आणि ती देणं हे शिकवणाऱ्याचं काम आहे.